वाकळ भिंतीवर चढली त्याची गोष्ट

आमच्या सोलापूरच्या घरी पाहुणे येणार म्हटलं की आईची दोन कामं ठरलेली असायची. बैठकीतल्या काचेच्या फ्रेमवर ओला फडका फिरवायचा आणि दिवाणावरची आजीची वाकळ गुंडाळून माळ्यावर फेकायची. फ्रेममध्ये हंसांची जोडी होती. आईनं ती मॅटीवर, म्हणजे भरतकामाच्या जाडसर कापडावर, भरली होती, अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत. माहेराहून आणलेल्या सामानात स्टीलच्या डब्यांखालोखाल तिला त्या फ्रेमचाच अभिमान. वाकळ मात्र आजीची. मंगळवेढ्याकडच्या गावाहून ती सोलापुरात मुलाकडे राहायला आली तेव्हा कडब्याच्या गाडीतून आली होती, असं बाबा सांगायचे. वाकळही, आजीही.

आजीला भरतकाम येत नव्हतं आणि आईनं उभ्या आयुष्यात वाकळीला टाका घातला नाही. एकीच्या मते चांगल्या कापडावर फुलं काढत बसणं हा रिकामटेकडेपणा. दुसरीच्या मते जुनेराला ठिगळं लावून पांघरणं ही गरिबी, आणि ती चारचौघांत दाखवू नये. सासू-सुनांचं बाकी बरं चालायचं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेली सहा वर्षं मी या दोघींना एका कापडावर आणायचा खटाटोप करते आहे. नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, राहायला कोल्हापुरात, त्यामुळे हे उद्योग रात्री नऊनंतर. आजवर अकरा वॉल हँगिंग झाली. त्यातली चार दाखवण्यासारखी आहेत.

सुरुवातीला वाटलं होतं, यात काय अवघड? वाकळ करायची, तिच्यावर भरतकाम करायचं, भिंतीला टांगायचं. पहिल्याच खेपेला मी आत सोलापुरी चादर घातली. घरचीच होती, वापरून मऊ झालेली, आणि मला कल्पना फार गोड वाटली: वर आजीचं लुगडं, आत गावची चादर. चादरीची वीण इतकी दाट आणि जड की तीन थरांतून सुई काढताना पकड वापरावी लागली. भरतकामाची रिंग तर बसेचना. एक कमळ भरून होईपर्यंत दोन सुया मोडल्या आणि अंगठ्याच्या बाजूचं बोट सुजलं. ते कमळ अजून तसंच अर्धवट आहे. चादर मांजर वापरतं.

दुसऱ्या वेळी शहाणपण केलं. चादरीऐवजी जुन्या धोतराचे दोन पदर आत घातले, मांजरपाटाची पाठ लावली, आधी सगळीकडून धावदोरा घालून घेतला आणि मग वरून फुलं भरायला घेतली. आता सुई जात होती, पण प्रत्येक टाक्याबरोबर तिन्ही थर खेचले जायचे. फूल जिथं जिथं दाट, तिथं तिथं कापडाला खळी. पूर्ण झाल्यावर लांबून बघितलं तर फुलं उठून दिसायच्या ऐवजी खड्ड्यात बसलेली. आणि पाठीमागे भरतकामाच्या गाठी, दोऱ्यांची शेपटं, एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे मारलेल्या उड्या, सगळं उघडं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की या दोन कामांना कापड वेगवेगळं लागतं. भरतकामाला एकेरी, ताणलेलं, ढोलकीच्या कातड्यासारखं कापड हवं असतं. वाकळीला थर हवेत, आणि तेही सैल. टाका पडला की कापड तिथं दबतं आणि दोन टाक्यांच्या मधे फुगतं. वाकळीची सगळी शोभा त्या दबण्या-फुगण्यात. म्हणजे भरतकाम कापडावर बसतं आणि धावदोरा कापडात बुडतो. एकाला पुढं करायचं तर दुसऱ्याला कुठं थांबायचं ते ठरवावं लागतं. बंगालच्या कांथात किंवा बिहारच्या सुजनीत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथं चित्र आणि थर धरणारा टाका बहुतेक एकच असतो. सुजनीत साखळी टाक्यानं आकार बांधून घेतात आणि आतली जागा धावदोऱ्यानंच भरतात. माझं घोडं अडलं होतं ते आईमुळे. मला गाठीचे टाके हवे होते, गहू टाका हवा होता, काश्मिरी टाका हवा होता. वाकळीत आईला आणायचं तर तिच्या टाक्यांसकट आणायला हवं.

आता त्या चारातल्या एकाबद्दल सांगते, कारण त्यात मला जरा जमलं. आजीची एक चंद्रकळा माझ्याकडे होती, काळी, सुती, मधे विरलेली पण काठाकडे धड. ती उलगडून पलंगावर टाकली तेव्हा मला दुसरं काही दिसलंच नाही, मंगळवेढ्याचं रान दिसलं. तिथली ती काळी माती. रब्बीच्या ज्वारीला नुसत्या जमिनीतल्या ओलीवर उभं करणारी आणि उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी पेपरचं कात्रण कापून ठेवलं होतं, जणू घरात कुणी बोर्डात आलंय. मग ठरलं. खालची दोन तृतीयांश माती चंद्रकळेची, वरचं एक तृतीयांश आभाळ एका फाटक्या निळसर इरकलीचं, आणि त्या दोन्हीवर उभी मालदांडी ज्वारीची नऊ कणसं. माप चोवीस इंच बाय छत्तीस, उभं.

काळ्या सुती कापडाचा भरवसा नसतो. म्हणून आधी चंद्रकळेचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली. फडक्यावर राखाडी डाग उठला. मग लुगडं मिठाच्या पाण्यातून, साध्या पाण्यातून, पुन्हा साध्या पाण्यातून, पाणी नितळ येईपर्यंत काढलं. मिठानं रंग पक्का होतो असं सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की मीठ टाकल्याचं समाधान होतं आणि काम पाण्यानं होतं. नऊ वेळा.

काळ्यावर चित्र उतरवायला मी आंघोळीच्या साबणाची वाळलेली चिपटी वापरते. शिंप्याची जुनी युक्ती. कड धारदार असते, रेघ पांढरी उमटते आणि धुतली की जाते. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनाच्या नादी मी एकदा लागले होते, क्रीम रंगाच्या तोरणावर. पुसायच्या आधी इस्त्री फिरवली आणि त्या रेघा तपकिरी होऊन जन्माच्या तिथंच राहिल्या.

कणीस म्हणजे गाठीचा टाका, ज्याला हल्ली सगळे फ्रेंच नॉट म्हणतात. दोरा सुईला गुंडाळायचा, सुई आली तिथूनच केसभर अंतरावर परत खाली घालायची, आणि गुंडाळलेला दोरा बोटानं धरून हळूच ओढायचा. नव्या कापडावर हे सोपं आहे. चाळीस वर्षं धुतलेल्या लुगड्याची वीण इतकी सैल झालेली असते की गाठ ओढली की सुळकन पलीकडे जाते. पहिल्या कणसाच्या तीसेक गाठी घातल्या आणि त्यातल्या निम्म्या पाठीमागे सापडल्या. तेव्हा सगळं उसवलं आणि लुगड्याच्या मागून मलमलीचा एक पदर कच्च्या टाक्यांनी जोडला. फक्त मलमल, बाकी थर नंतर. मलमलीनं गाठ अडते आणि रिंगमधे कापड ताणलं तर जुनेर फाटतही नाही. ही एक गोष्ट मला कुणी पहिल्या वर्षी सांगितली असती तर पाच हँगिंग वाचली असती.

रंगाचंही तसंच. शुभ्र पांढरा दोरा काळ्यावर साबुदाण्यासारखा दिसतो. मालदांडीचा दाणा पांढरा खरा, पण मोत्याचा पांढरा, आत किंचित पिवळसर. सहा पदरी लडीतून मी एक पदर पांढरा, एक साय रंगाचा आणि एक फिकट पिवळा असे तीन पदर काढून एकत्र ओवले. गाठ वळते तेव्हा कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा. दोन दाणे सारखे होत नाहीत. एका कणसाला एकशे दहा-पंधरा गाठी, मधे दाट, कडेला जरा विरळ. धाटं उलट्या टिपेची, पानं गहू टाक्याची, आणि मातीच्या भेगा काळ्याहून किंचित उजळ राखाडी एका पदरानं, वाकड्यातिकड्या. भेगा भरताना फार मजा आली. रेघ चुकली तरी ती भेगच.

मग थर. वर मलमलीसकट भरलेलं कापड, मधे धोतराचे दोन पदर, खाली मांजरपाट. दुकानातलं फुगीर पॉलिस्टर अस्तर मी एकदा वापरून पाहिलं होतं, हँगिंग उशीसारखं झालं. धोतर बरं. ते दबतं तेवढंच फुगतं.

आता आजीची पद्धत आणि भिंत यांचं भांडण सुरू झालं. आजी वाकळ कडेनं सुरू करायची. जमिनीवर पसरायची, स्वतः वर बसायची आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायची. चौकोनात चौकोन, शेवट मधोमध. शेवटच्या ठिगळाखाली चार तांदूळ टाकायची, वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये म्हणून. चारी कोपऱ्यांना लाल त्रिकोणी तुकडे. ते कशासाठी, हे मी तिला कधी विचारलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंदींचे, म्हणजे त्यांच्या गोधड्यांचे, फोटो पाहिले. त्यांच्याही कोपऱ्यांना तशीच घडी घातलेली त्रिकोणी ‘फुला’, आणि फुलांशिवाय कवंदी उघडी-नागडी मानतात. आमच्या आजीचं आणि त्यांचं काही नातं असेल असं नाही, पण फोटो बघून मी उठून पाणी प्यायले.

तर कडेनं आत येत शिवलं की कापडाचं सगळं सैलपण मधे गोळा होतं. अंथरुणावर ते कळत नाही, उलट बरं वाटतं. भिंतीवर टांगलं की वाकळीला पोट येतं, अगदी पन्नाशीच्या माणसासारखं. म्हणून नाइलाजानं आजीला सोडलं आणि मधून बाहेर निघाले. आधी सगळीकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके, मग मधली ओळ, मग तिच्या वर, मग तिच्या खाली. कोपऱ्यांचे लाल त्रिकोण मात्र ठेवले.

माती म्हणजे पाभरीनं पेरताना पडणाऱ्या काकऱ्या. आडव्या, एकमेकींपासून अर्धा इंच, अठ्ठेचाळीस ओळी. पहिल्यांदा काळ्यावर काळा दोरा घातला. रात्री दिव्याखाली काही दिसेना, वाटलं मेहनत वाया. सकाळी खिडकीतून तिरका उजेड पडला आणि अख्खं रान नांगरल्यासारखं उठून आलं. धावदोऱ्याला उजेड बाजूनं हवा, समोरून पडला तर तो सपाट होतो. पण प्रत्येक भिंतीच्या शेजारी खिडकी नसते. म्हणून खालच्या ओळी काळ्या ठेवल्या आणि वर क्षितिजाकडे जाताना दोरा हळूहळू राखाडी केला. सुकत चाललेली माती तशीच दिसते, लांबची आधी पांढरी पडते. टाका मी मोठा ठेवला, इंचात चारच. क्विल्टिंगच्या वर्गात शिकवतात तसा बारीक टाका मला येतो, पण आजी म्हणायची, “टाका दिसला पाहिजे गं, न्हाईतर धरलंय कोण ते कळत न्हाई.”

कणसांजवळ धावदोरा थांबतो. हे मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन ठरवलं. काकरी कणसाच्या आरपार नेली तर दाणे दबतात, शिवाय सुई मागच्या गाठींत अडकते. म्हणून प्रत्येक कणसाभोवती एक बोट अंतर सोडून त्याच आकाराची धावदोऱ्याची एक ओळ घातली, तिच्याबाहेर दुसरी, तिच्याबाहेर तिसरी. भोवतालचं आभाळ दबलं आणि कणीस आपोआप पुढं आलं, आत काही भरलं नव्हतं तरी. फक्त एक अडचण उरते. तळहाताएवढी जागा कुठंच न धरता सोडली तर वर्षभरात तिथं कापड खाली ओघळतं. त्याला उपाय म्हणून कणसाच्या आत सात-आठ ठिकाणी दाण्याच्या बुडाशी एकेक चोरटाका घातलाय, तिन्ही थरांतून. बाहेरून शोधून दाखवा.

कडेला गोट इरकलीच्या लाल काठाचा. गोट लावायच्या आधी कोनाकोन माप घेतलं तर एक कर्ण दुसऱ्याहून पाऊण इंच मोठा! दाट भरलेल्या बाजूनं कापड आक्रसलं होतं. ओलसर फडका, टाचण्या आणि चटई यांवर एक रविवार गेला, तेव्हा ते चौकोनात आलं. भरतकाम कापड खातं, हे पक्कं समजून मी आता सगळीकडून दोन इंच जास्तीचं कापड घेते आणि शेवटी कापते.

टांगण्याबद्दल थोडक्यात: मागे वरच्या कडेला मांजरपाटाची नळी, पण ती ताणून नाही, थोडी ढिली शिवायची, नाहीतर आतल्या पडद्याच्या पाइपाचा फुगवटा पुढून दिसतो. आणि कोल्हापुरात राहत असाल तर जून ते सप्टेंबर हँगिंग भिंतीला चिकटू देऊ नका. माझं एक ओल धरून बुरशीनं गेलं. आता मागे चारी कोपऱ्यांना लाकडी पट्टीचे तुकडे चिकटवून भिंतीपासून अंगठाभर लांब ठेवते. काढून ठेवायचं झालं तर घडी नाही, गुंडाळी, आणि भरलेली बाजू बाहेर.

कॅलेंडरवर तास लिहून ठेवले होते. बेरीज ऐंशीच्या वर गेली. एका प्रदर्शनात ते मांडलं तर एका बाईंनी विचारलं, “हेच मशीनवर करून स्वस्तात नाही का देता येणार?” देता येईल. त्यांना मी दुकानही सांगितलं. राग आला नाही म्हणणं खोटं होईल, पण जास्त राग त्यांच्या मैत्रिणीचा आला. तिनं कणसाला हात लावून “पॉपकॉर्न किती गोड” म्हटलं.

गेल्या डिसेंबरात आई माझ्याकडे राहायला आली. वय शहात्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे नजर माझ्यापेक्षा चांगली. बैठकीत शिरली आणि तिथंच थांबली.

“वाकळ? भिंतीवर?”

“जवळून बघ की.”

तिनं जवळून बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग शाळेत शिवणाच्या बाई करायच्या तेच केलं, खालचा कोपरा उचलून पाठ बघितली. भरतकामाची परीक्षा पाठीवर होते, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ. पाठीला नुसता मांजरपाट आणि त्यावर काकऱ्या.

“दोऱ्याची शेपटं कुठायत?”

“आत.”

“म्हणजे झाकलीस.” हे ती माझ्याकडे बघून नाही, वाकळीकडे बघून म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पांघरायची सोडून टांगलीस व्हय गं.” आजीची नक्कल तिनं इतकी हुबेहूब केली की मी दचकले. आजी जाऊन सव्वीस वर्षं झाली. या एवढ्या वर्षांत मी आईच्या तोंडून तो हेल कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तर हँगिंग भिंतीवर नव्हतं. आई गॅलरीत उन्हात मांडीवर घेऊन बसली होती, हातात सुई, शेजारी माझा लड्यांचा डबा उघडा. डावीकडून तिसऱ्या कणसाच्या शेंड्याच्या दहा-बारा गाठी तिनं उसवल्या होत्या.

“या सैल होत्या,” म्हणाली. “दोरा हातभर घ्यायचा असतो, वावभर नाही. किती वेळा सांगितलंय.”

सगळे थर शिवून झाल्यावर वरून गाठ घालायची म्हणजे दोरा आत कुठं दडवायचा हा मोठा प्रश्न असतो. तिनं तो कसा सोडवला हे मी विचारलं. तिनं सुई दोन थरांमधून लांबवर सरकवली, दोन बोटं पुढं बाहेर काढली आणि दोरा कापडालगत कापला. शेपूट आत गेलं. “यात काय विचारायचं,” म्हणाली. ती वाकळीला कधी हात न लावलेली बाई आहे, हे पुन्हा एकदा सांगते.

जाताना काही बोलली नाही. फेब्रुवारीत भाऊ येऊन गेला, त्याच्या हातून तिनं एक जड पार्सल पाठवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आत ती फ्रेम. हंसांची जोडी. काचेच्या आत एका हंसाच्या मानेपाशी बुरशीचा तपकिरी ठिपका पडलाय, आणि मॅटी पिवळी झालीय. फोन केला तर म्हणाली, “काच फोडू नकोस, मागून खिळे काढ. आणि त्यांना पांघरायला काहीतरी घाल.”

मॅटी खळीनं अजून कडक आहे, अशा कापडातून वाकळीचा दोरा जाणार नाही. शिवाय कमळं लाल दोऱ्याची आहेत, साठ वर्षांपूर्वीच्या, आणि त्या लालचा मला अजिबात भरवसा नाही. काल रात्री एका पाकळीवर ओला कापूस दाबून पाहिला. कापूस पांढरा निघाला. आज सकाळी हिय्या करून अख्खी जोडी बादलीत टाकली आणि कामावर निघून आले. मधल्या सुट्टीत नवऱ्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, पाणी चहासारखं झालंय, पण लाल नाही.